सकाळी पांढरी वाळू, संध्याकाळी तपकिरी

पत्र

नमस्कार ताई,

हौसेनं खाऱ्या पाण्याचा टँक लावला, त्याला आज सात आठवडे झाले. तीन फुटी, साधारण १८० लिटर. खडक बहुतेक कोरडा विकत घेतलेला. एक मोठा तुकडा मात्र मित्राच्या चालू टँकमधला. दोन क्लाउनफिश आहेत. पाणी घरच्या आरओचं. दुसऱ्या आठवड्यात तपकिरी धूळ आली आणि गेली. आता पुन्हा तपकिरी थर आलाय, पण हा चिकट, लाळेसारखा, बुडबुडे धरणारा. सकाळी वाळू बऱ्यापैकी स्वच्छ असते, संध्याकाळपर्यंत माखते. चार गोगलगायी आणल्या, त्यातल्या दोन मेल्या. मित्राच्या खडकावर एक पारदर्शक तपकिरी फूल उगवलं होतं, ते सुरीनं खरवडलं, तर आता तीन झालीत. काचेवर बारीक पांढऱ्या चकल्या, खडकाखाली पांढरं केसाळ काहीतरी, आणि त्याच खडकाच्या एका अंगाला तपकिरी बटणं. दुकानदारानं दिलेली फॉस्फेट शोषणारी पिशवी फिल्टरमध्ये आहे, दर रविवारी पाणी बदलतो. टेस्ट किटवर अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट, फॉस्फेट सगळं शून्य! तरी दुकानदार म्हणतो, खडक काढून उकळा, वाळू धुवा आणि ही बाटली टाका. आई म्हणते, सडलंय ते, फेकून दे. काय करू?

एक वाचक, डोंबिवली

उत्तर

खडक उकळू नका. बाकीचं उत्तर चहा घेत सावकाश वाचलंत तरी चालेल, पण गॅसवर पातेलं चढवलं असेल तर आधी ते उतरवा.

कारण ती बटणं. तुम्ही त्यांना पत्रात अर्धी ओळ दिलीत, पण सगळ्या यादीत मला धास्ती वाटली ती त्यांचीच. तपकिरी चकती, कडेला आखूड झालर, हात जवळ गेला की मिटणारी, अशी असतील तर ती पॅलिथोआ किंवा झोअँथस. ते शेवाळ नाही, प्राणी आहेत, प्रवाळांच्या भावकीतले. आणि यांतल्या काहींच्या अंगात पॅलिटॉक्सिन नावाचं विष असतं, निसर्गातल्या अत्यंत जहाल विषांपैकी एक. उकळल्यानं ते मरत नाही. उलट वाफेबरोबर उडणाऱ्या तुषारांतून स्वयंपाकघरभर पसरतं आणि श्वासात जातं. २०१८ साली इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डशायरमध्ये टँकमधला खडक बाहेर काढून साफ करताना अख्खं कुटुंब हॉस्पिटलात गेलं, मदतीला आलेल्या अग्निशमन दलाच्या जवानांनाही तपासून घ्यावं लागलं.

या विषाची जन्मकथा तुमच्या प्रश्नाशी इतकी जुळते की सांगितल्याशिवाय राहवत नाही. हवाई बेटांवर हाना गावाजवळ किनाऱ्यावरच्या एका डबक्यात म्हणे मारक शेवाळ उगवायचं. 'लिमु माके ओ हाना', म्हणजे हानाचं मृत्यूचं शेवाळ. योद्धे भाल्याच्या टोकाला ते चोळत, आणि त्या डबक्याकडे जायला गावाची मनाई. १९६१ मध्ये शास्त्रज्ञांनी तिथला नमुना आणला, तर ते शेवाळ नव्हतंच, ही बटणं होती. १९७१ मध्ये हवाई विद्यापीठातल्या मूर आणि श्योअर यांनी त्यातून विष वेगळं काढलं. पिढ्यान्‌पिढ्या डोळ्यासमोर असलेली गोष्ट वनस्पती की प्राणी, हेच गावाला उमगलं नव्हतं. तुम्हाला सात आठवड्यांत उमगलं नाही, तर त्यात खजील होण्यासारखं काही नाही.

बटणं पाण्याखाली आपल्या जागी असेपर्यंत काही करत नाहीत. कित्येक जण पैसे मोजून पाळतात. फक्त त्यांना ब्रशनं घासू नका, खरवडू नका, टँकमध्ये हात घालताना लांब रबरी मोजे घाला, हाताला जखम असेल तर त्या दिवशी काम पुढे ढकला. नकोच असतील तर तो खडक पाण्यानं भरलेल्या बादलीत बुडवून मित्राला परत करा. मैत्री टिकली तर उत्तम.

आता तपकिरी थर. तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्या चार शून्यांपाशी अडखळले. तुम्ही उद्गारचिन्ह दिलंय. मला मात्र तिथंच पाल चुकचुकली.

दुसऱ्या आठवड्यात आलेली धूळ ही डायाटम. मराठीत त्यांना करंडक वनस्पती म्हणतात, आणि ज्यानं कुणी हे नाव ठेवलं त्याला माझा नमस्कार. यातली प्रत्येक पेशी काचेच्या इवल्याशा करंड्यात राहते, खाली डबी आणि वर तिला बसणारं झाकण. ही काच करायला त्यांना पाण्यातलं सिलिका लागतं. नव्या टँकमध्ये ते वाळूतून आणि नळाच्या पाण्यातून मुबलक मिळतं, म्हणून दोन-तीन आठवड्यांत सगळं चॉकलेटी होतं. सिलिका संपलं की डायाटमही आवरतात. तुमचे गेले. त्यासाठी कुणी काही करायचं नसतं.

दुसऱ्यांदा आलाय तो मात्र निराळा पाहुणा. रंगावरून ओळखायला जाल तर फसाल, तपकिरी रंगात तिघे येतात. म्हणून त्याला थोडं डिवचून बघा. एक पिचकारी किंवा सुई काढलेली मोठी सिरिंज घ्या आणि थरावर पाण्याची फुंकर मारा. धूळ उडावी तसा उडाला तर डायाटम. दुधावरची साय चमच्यानं उचलावी तसा सलग पापुद्रा उठला तर सायनोबॅक्टेरिया, म्हणजे नीलहरित जिवाणू. हे बहुधा लालसर किंवा किरमिजी असतात, पण तपकिरी आणि काळपटही दिसतात. आणि शेंबडासारखे तार धरून तुटले, तारांच्या टोकाला बुडबुडे लोंबत असले, तर डायनोफ्लॅजेलेट, म्हणजे पाण्यातले एकपेशी सूक्ष्म जीव. हौशी मंडळी नुसतं 'डायनो' म्हणतात आणि म्हणताना चेहरा पाडतात.

माझा वहीम डायनोंवर आहे. तुमच्याच पत्रात चार पुरावे आहेत: बुडबुडेवाली लाळ, रात्रीतून ओसरणं, मेलेल्या गोगलगायी आणि ती शून्यं. रात्री कमी होतं ते मरून नाही. काही जातींचे डायनो अंधार पडला की वाळू सोडून पाण्यात सुटतात आणि दिवे लागले की परत येऊन बसतात. गोगलगायींचं म्हणाल तर त्यांनी इमानेइतबारे थर खाल्ला असणार. यांतल्या ऑस्ट्रिऑप्सिस नावाच्या जातीत पॅलिटॉक्सिनच्या कुळातलंच विष असतं. २००५ च्या उन्हाळ्यात इटलीत जिनोआच्या किनाऱ्यावर ती समुद्रात माजली आणि नुसती किनाऱ्यावरची हवा खाऊन दोनशेच्या आसपास माणसं दवाखान्यात गेली. तुमच्या तीन फुटी टँकमुळे डोंबिवलीत तसं काही होणार नाही. पण पाणी काढताना पाइपला तोंड लावून ओढायची आपली जी सवय आहे, ती आजपासून बंद. पाइप पूर्ण पाण्यात बुडवून भरा, एका टोकावर अंगठा दाबा, बादलीत सोडा. आणि उरलेल्या दोन गोगलगायी सध्या मित्राकडे पाठवा.

आता शून्यांचं गणित. नायट्रेट आणि फॉस्फेट हे शेवाळाचं खत, ते वाढू द्यायचं नाही, हे आपल्याला पहिल्या दिवसापासून शिकवलं जातं. ते खरंच आहे, पण अर्धं. खडकावर आणि वाळूवर जागा धरून बसणारे चांगले जिवाणू आणि साधं हिरवं शेवाळ यांनाही हेच खत लागतं. तुमचा खडक मुळात कोरडा, म्हणजे वस्ती विरळ. त्यात दोनच मासे, फॉस्फेट शोषणारी पिशवी आणि दर रविवारी नवं पाणी. बाकीचे उपाशी राहिले, हटले. डायनोंचं तसं नाही. ते उजेडावर जगतात, शिवाय दुसऱ्या सूक्ष्म जिवांना खाऊनही भागवतात. शेजारची सगळी घरं रिकामी झालेल्या चाळीत एकच बिऱ्हाड पसरावं, तसं झालंय.

पण माझ्या वहिमावर उपचार सुरू करू नका, आधी खात्री करा. एका लहान बाटलीत थोडा थर आणि टँकचं पाणी घ्या, झाकण लावून मिनिटभर जोरात हलवा, म्हणजे सगळं विरघळल्यासारखं होईल. हे पाणी कॉफीच्या फिल्टर कागदातून किंवा जाड टिश्यूतून दुसऱ्या बाटलीत गाळा आणि बाटली टँकच्या दिव्याखाली तासभर ठेवा. विखुरलेल्या पेशी पुन्हा गोळा होऊन तार धरू लागल्या तर डायनो. डायाटम आणि सायनो असे तासाभरात जुळत नाहीत.

त्याहून भक्कम पुरावा सूक्ष्मदर्शकाचा. घरात कॉलेजात जाणारं कुणी असेल तर लॅबमधल्या सरांना गोडीत घ्या. नाहीतर फोल्डस्कोप मागवा. स्टॅनफर्डमधल्या मनू प्रकाश यांच्या प्रयोगशाळेतून आलेला हा घडीचा कागदी सूक्ष्मदर्शक १४० पटींच्या आसपास मोठं करून दाखवतो, आपल्या कामाला पुरे. डायाटम होडीसारखे दिसतात, पडून असतात किंवा सरळ रेषेत हळूच सरकतात. सायनो म्हणजे लांब धागे. ऑस्ट्रिऑप्सिस दिसलं तर विसरणार नाही: थेंबाच्या आकाराचे तपकिरी दाणे, टोकाकडून चिकटलेले, आणि दावणीला बांधलेलं वासरू खुंट्याभोवती फिरावं तसे गरगर फिरणारे. लंबगोल दाणे वाळूतच इकडेतिकडे पळताना दिसले तर ते बहुधा अँफिडिनियम. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण रात्री पाण्यात येणाऱ्या ऑस्ट्रिऑप्सिसवर यूव्ही दिवा, म्हणजे त्याच्यापाशून वाहणाऱ्या पाण्यातले जीव अतिनील किरणांनी मारणारा दिवा, चालतो. अँफिडिनियम वाळू सोडतच नाही, तिथं यूव्हीचे पैसे पाण्यात.

खात्री झाली की पुढचं काम तुमच्या स्वभावाविरुद्ध जाणारं आहे. टँक थोडा घाण होऊ द्यायचा. फॉस्फेटची पिशवी आजच काढा. दर रविवारचं पाणी बदलणं तीन-चार आठवडे थांबवा. माशांना दिवसातून दोनदा नीट खाऊ घाला, स्किमर, म्हणजे फेसातून घाण काढणारं यंत्र, असेल तर काही तास बंद ठेवा. नायट्रेट ५ ते १० पीपीएम (दहा लाखांत इतके भाग) आणि फॉस्फेट ०.०५ ते ०.१ पीपीएमच्या दरम्यान यायला हवं आणि तिथं टिकायला हवं. रोज संध्याकाळी, थर भरात असताना, तो बारीक पाइपनं ओढून १० मायक्रॉनच्या फिल्टर सॉकमधून, म्हणजे बारीक छिद्रांच्या कापडी गाळणीतून, गाळा आणि पाणी परत टँकमध्ये सोडा. मग एकदा तीन दिवस पूर्ण अंधार: दिवे बंद, टँकला चारही बाजूंनी चादर. माशांना काही होत नाही. हवेचा पंप मात्र चोवीस तास चालू पाहिजे, कारण एवढा थर मरताना पाण्यातला प्राणवायू खातो. चादर काढल्यावर सगळं स्वच्छ दिसेल, आठवड्यानं थोडं परत येईल. तिथं धीर सोडून पुन्हा पिशवी लावू नका. महिना-दीड महिना लागतो. मध्येच काचेवर आणि खडकावर हिरवं शेवाळ दिसायला लागलं तर घरात पेढे वाटा. जागा धरणारे परत आले.

आणि ती बाटली. अशा बऱ्याच बाटल्यांत अँटिबायोटिक असतं. ते नीलहरित जिवाणूंना मारतं, पण डायनो जिवाणूच नाहीत, त्यांना त्याचं काय? उलट उरलेसुरले प्रतिस्पर्धी मरतील आणि मैदान आणखी मोकळं होईल. हे मी अक्कल शिकवत नाही, भोगलंय. काही वर्षांपूर्वी माझ्या टँकमध्ये लाल साय आली होती. एका दुकानातून अशीच बाटली आणली, लवकर गुण यावा म्हणून दीडपट टाकली आणि हवेचा पंप न लावता झोपले. पहाटे उठले तर माझा पिवळा टँग मासा पृष्ठभागाशी तोंड लावून आ वासत होता. सातपर्यंत गेला. साय खरंच गेली होती. तीन आठवड्यांनी तिच्या जागी हेच तपकिरी लाळेरं प्रकरण आलं.

आता तुमचं फूल. एकाची तीन झाली हेच त्याचं ओळखपत्र. हे आयप्टेशिया, काचेसारखं पारदर्शक समुद्रफूल. बारीक देठ, लांब टोकदार बोटं, सावली पडली तरी झटकन बिळात. कोकणात ओहोटीला खडकांतल्या डबक्यांत बोट लावलं की गपकन मिटणारी समुद्रफुलं पाहिली असतील, त्याच गोतातलं. याचा खडकावर उरलेला कणभर तुकडाही नवं फूल होतो, म्हणजे सुरीनं तुम्ही ते काढलं नाहीत, कलम केलंत. पुढेमागे प्रवाळ ठेवायचे असतील तर याला आत्ताच आवरा, तीनाची तीनशे व्हायच्या आत.

उपाय आपल्या ओळखीचा आहे, चुना. पानाच्या टपरीवरचा चुना आणि हा मुळात एकच, कॅल्शियम हायड्रॉक्साइड, पण टपरीवरच्या डबीत आणखी काय काय गेलंय ते टपरीवाल्यालाही सांगता येणार नाही, तेव्हा शुद्ध पावडर आणा. थोड्या आरओच्या पाण्यात टूथपेस्टइतकी घट्ट कालवा. मोजे आणि डोळ्यांवर चष्मा हवाच, चुना डोळ्यात गेला तर गंभीर इजा होते. वेव्हमेकर, म्हणजे पाणी खेळवणारा पंप, बंद करा. बोथट सुईच्या सिरिंजनं, हात न थरथरवता, फुलाच्या तोंडावर चुन्याचा गोळा हळूच सोडा. ते मिटताना चुना पोटात घेऊन मिटतं. वीस मिनिटं पाणी स्तब्ध ठेवा, मग पंप सुरू करा. एका संध्याकाळी एकच फूल, कारण चुन्यानं पीएच चढतो. बटणांवर चुना पडू देऊ नका.

पेपरमिंट कोळंबी हे फूल खाते, आणि तुमचा दुकानदार ती आनंदानं विकेल. पण विकत घेण्याआधी ती नीट निरखा. खरी पेपरमिंट जवळजवळ पारदर्शक असते, अंगावर डोक्याकडून शेपटीकडे जाणाऱ्या बारीक लाल रेघा. लाल अंगावर ठळक पांढऱ्या रेषा-ठिपक्यांची नक्षी आणि पाठीला कुबड असेल तर ती कॅमल कोळंबी. पेपरमिंट म्हणून तीच गळ्यात मारली जाते. ती फुलाकडे ढुंकून बघत नाही, नंतर बटणं आणि प्रवाळ मात्र कुरतडते.

काचेवरच्या चकल्या म्हणजे स्पायरॉर्बिड, चुन्याच्या नळीत राहणाऱ्या किड्यांची घरं. दोन-तीन मिलिमीटरच्या पलीकडे जात नाहीत, पाणी गाळून खातात, निरुपद्रवी. खडकाखालचं पांढरं केसाळ, माथ्यावर झुपका असलेलं, तांदळाच्या दाण्याहून जरा मोठं असेल तर तो सायकॉन जातीचा स्पंज. तोही पाणी गाळतो. येतो, वाढतो, एक दिवस दिसेनासा होतो. दोघांनाही राहू द्या.

पाण्याचं एक राहिलं. घरच्या आरओच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, मोजलात का? पिण्याच्या आरओत चव यावी म्हणून टीडीएस कंट्रोलर असतो, तो थोडं न गाळलेलं पाणी परत मिसळतो, वर मिनरलचं नळकांडं वेगळंच. माणसाला ठीक, टँकला नाही. मेंब्रेन म्हणजे आरओची मुख्य गाळणी; तिच्यानंतर, कंट्रोलरच्या आधी एक फाटा काढून घ्या आणि त्यापुढे उरलेसुरले क्षार धरून ठेवणाऱ्या डीआय रेझिनचं नळकांडं लावा. मीटरवर शून्य दिसलं पाहिजे. तुमच्या टँकमध्ये शून्य शोभतं ते एवढ्या एकाच जागी. त्यात डोंबिवलीचा मे महिना, पाणी भराभर उडेल. मीठ उडत नाही, म्हणून रोजची भर या गोड्या पाण्याचीच, खाऱ्या पाण्याची नाही.

खडक कमी पडतोय म्हणून मालवणला गेल्यावर समुद्रातून एखादा 'जिवंत' दगड उचलून आणायचा मोह होईल, कारण चांगल्या वस्तीचा खडक म्हणजे डायनोंवर उत्तम उतारा. पण त्यावर प्रवाळ असेल तर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली तो गुन्हा आहे, तुकडा किती लहान हे बघत नाहीत. त्यापेक्षा मित्राच्या टँकच्या तळातली दोन मुठी जुनी वाळू मागून आणा. मात्र आधी त्याच्याकडे आयप्टेशिया किती आहेत ते रात्री टॉर्च लावून मोजा. तुमचं पहिलं फूल तिथूनच आलंय.

आईंना सांगा, सडलेलं असतं तर वास आला असता आणि अमोनिया शून्य नसता. आणि मला बाटलीच्या प्रयोगाचा फोटो पाठवा: एक गाळल्यावर लगेच, एक तासाभरानं, दोन्ही पांढऱ्या कागदासमोर धरून.